नाळ खाल्लेली शेळी

उगोये बाळंतीण लेकीकडे राहायला आली ती तिखट सारासाठी मिरी आणि भांडायची तयारी, दोन्ही घेऊन. तिच्या इफेमाचा नवरा मूल पोटात असतानाच गेला. तेव्हापासून दीर ओकोलीचा भावाच्या तेलताडांच्या वाडीवर डोळा. आमच्या गावात बाळाची गळलेली नाळ ज्या ताडाच्या बुंध्याशी पुरतात तो ताड त्याचा, खालची जमीनही त्याची. त्यामुळे या बाळाच्या बेंबीकडे सगळ्या गावाचं लक्ष होतं.

गरोदरपणी इफेमाची बेंबी लिंबाएवढी बाहेर आली, तेव्हाच उगोये म्हणाली होती, "पोरगा आतूनच जागा अडवतोय."

नर्सबाईंनी बजावलं होतं, "बेंबीला काही लावू नका. कोरडी ठेवा, आपोआप गळेल." जन्मभर पोरांच्या बेंब्यांना तेल-राख चोपडलेली उगोये आता हात मांडीखाली दाबून बसायची. "काहीच न करण्यात माणूस एवढं दमतं?" शेजारी म्हणून मी डोकावले की मला विचारायची.

एके सकाळी नाळेचा तुकडा गळला. उगोयेनं तो केळीच्या पानावर ठेवला, कुदळ घ्यायला वळली, तेवढ्यात ओकोलीच्या शेळीनं पानासकट गिळला.

ओकोली पंचांकडे धावला. "नाळ माझ्या शेळीत, शेळी माझी. मग पोराची वाडीही मीच सांभाळणार."

इफेमा रडायला लागली. "गप गं," उगोये म्हणाली, "आत गेलेलं बाहेर येतंच." टोपली घेऊन ती शेळीमागे निघाली. शेळी थांबली की ही थांबे, शेळीनं शेपूट हलवलं की टोपली पुढे करी. गावातल्या एकाही सुनेची अशी बडदास्त ठेवलेली मी पाहिली नाही. जमलेल्या लेंड्या तिनं जावयाच्या ताडाखाली पुरल्या.

पंच जमले. ओकोली खदाखदा हसला. "सगळ्या थोड्याच मिळाल्या हिला? शेळी रात्रभर मोकळी होती. नाळ राहिलेल्या लेंड्यांत असणार."

"असेल हो, भाऊ," उगोये म्हणाली. "पण रात्री ती तुझ्याच अंगणात होती. कोनफळांच्या कोठारातही शिरली होती."

म्हाताऱ्या पंचांनी तपकीर ओढली. "मग ओकोली, नाळ तिथं पडली असेल तर अंगण पोराचं. कोठारही."

ओकोलीच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्यांदेखत त्यानं अंगण झाडलं, गुडघ्यांवर बसून कोठाराच्या फटींतल्या लेंड्या काटकीनं उकरल्या.

"चुलीमागं बघितलंस का?" उगोयेनं आपुलकीनं विचारलं. त्यानं तेही बघितलं.

मग सगळं पाटीत भरून त्यानं स्वतःच भावाच्या ताडाखाली खड्डा खणला, पुरलं, माती थोपटली.

"पोराची नाळ कुठं आहे?" पंचांनी विचारलं.

"इथंच, आजोबा. शपथेवर सांगतो, माझ्याकडे त्यातलं काही नाही."

नवरा गेल्यापासून इफेमा पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता बाळाला छातीशी धरून त्या ताडाला टेकून रडली.