तिसरा राजा एक इंच पुढे

आमच्या नाताळच्या देखाव्यातल्या तिसऱ्या राजाचं मुंडकं मी उडवलं. हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. (चर्चमध्ये फादरांपुढच्या पापनिवेदनातही नाही! तिथे मी 'रागावलो, आळस केला' असला किरकोळ माल देऊन सुटतो.)

सगळं 'फुकट' या शब्दामुळे झालं. माझी मुलगी मेलिसा तेव्हा बारावीत होती आणि माझ्याशी बोलायची ते फक्त नेट बंद पडल्यावर. त्या डिसेंबरात मात्र ती आपणहून शेजारी येऊन बसली. बोटभर पुतळ्यांनी जमिनीवर खेळायचं एक युद्ध तिला इंटरनेटवर सापडलं होतं. जादूगार, ड्रॅगन, हिरवे बुटके राक्षस! पुतळे परदेशी आणि महाग, पण नियम फुकट.

"पप्पा, त्यात लिहिलंय, घरात असेल ते सैन्य चालतं. बटणंसुद्धा!"

"म्हणजे मी बटणं?"

"तुझं तू बघ. माझे राक्षस मी मातीचे केलेत."

बटणं घेऊन ड्रॅगनवर चालून जायला मन घेईना. समोर माझ्या बायकोचा, रोझीचा, देखावा होता: कळंबच्या किनाऱ्यावरची वाळू, चांदीप गावचा पेंढा आणि तिच्या आईने लग्नात दिलेले पुतळे. मेंढपाळ झाले भालेकरी. बैल झाला घोडदळ. आणि ताऱ्यामागून बाळ येशूला बघायला पूर्वेकडून आलेले ते तीन राजे, दाढ्या, झगे, हातात पेट्या... याहून बरे जादूगार माणिकपूरच्या बाजारात मिळाले असते का?

रोझी चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेली की आम्ही बापलेक लादीवर. तिच्याच शिवणाच्या टेपने इंच मोजायचे, फासे टाकायचे. मी रोज हरायचो आणि मेलिसा अशी हसायची, की हरणं परवडायचं.

अडचण एकच होती. आमच्याकडे राजे एकदम गव्हाणीपाशी उभे करत नाहीत. रोझी त्यांना रोज वीतभर पुढे सरकवते आणि ते त्यांच्या सणाला, जानेवारीत पोचतात. खेळ संपल्यावर ते कुठे होते हे आम्हाला आठवायचं नाही.

"अहो, हे काल टीव्हीपाशी होते. आज चपलांच्या कपाटावर कसे?"

"रस्ता चुकले असतील."

"एवढा मोठा तारा लावलाय, तरी?"

"ढग आले असतील, रोझी."

मेलिसाने उशीत तोंड खुपसलं.

शेवटच्या लढाईत माझ्याकडे तिसरा राजा तेवढा उरला होता. ड्रॅगन त्याच्या टप्प्याबाहेर, फक्त एक इंच. मेलिसा पाणी प्यायला आत गेली. आणि मी, रविवारी वेदीजवळ उभं राहून बायबल वाचणारा माणूस, कोपराने राजाला हळूच ढकललं. राजा आडवा! मुंडकं सोफ्याखाली! तेवढ्यात बेल वाजली. देखावे बघत फिरणारे फादर, आणि त्यांच्यामागे रोझी!

"मेलू, आवर!" मी ओरडलो. ती धावत आली. दोघांनी हाताला लागेल ते देखाव्यात कोंबलं.

फादर चष्मा सावरून वाकले. "हा मेंढपाळ हिरवा कसा?"

"प्रवास सोसला नसेल, फादर."

"दात का विचकतोय?"

"बेथलेहेमची थंडी."

"आणि छपरावर?"

छपरावर ड्रॅगन होता. "बाळ येशूच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजाचं प्रतीक," मी म्हणालो.

"नवा विचार आहे," फादर म्हणाले आणि सरबत पिऊन गेले.

मग रोझीला राजाचं धड सापडलं. तिचा आवाज एकदम खाली आला. "आईची आठवण होती. कुणी मोडलं?"

मी फादरांचा रिकामा ग्लास उचलला.

"सॉरी मम्मी," मेलिसा म्हणाली. "मी घाईत मूठ भरून उचलले ना, तेव्हाच पडला असणार."

तिला खरंच तसं वाटलं. मी तिला तसंच वाटू दिलं. मातीचं सगळं सैन्य तिने स्वतः पिशवीत भरून टाकून दिलं. पुन्हा ती माझ्याबरोबर लादीवर बसली नाही.

आता ती कॅनडात असते. दर डिसेंबरला तिथून एक राजा पाठवते, आईच्या नावाने, 'सॉरी मम्मी' अशी चिठ्ठी लावून. सध्या आमच्या गव्हाणीकडे आठ राजे निघालेत. शेजारी विचारतात, "एवढे कसे हो?" मी सांगतो, "नातेवाईक असतील."

त्या खेळाचे नियम अजूनही फुकट मिळतात. रोझी सरावाला गेली की मी ते उघडतो आणि दोन्ही बाजूंनी एकटाच खेळतो. (तरी हरतो!) मग मेलिसाला फोन लावतो, बर्फ किती पडला ते विचारतो आणि ठेवून देतो.

राजा मी पाडला, तोही लबाडी करताना, हे एक वाक्य मी माझ्या मुलीला देणं लागतो.