साळवे काकांचा सुरक्षित फोन

"बिघडलाय का, तेवढंच सांगा," साळवे काकांनी मोबाइल काउंटरवर ठेवला. "मंगळवारपासून एक रिंग नाही."

आज शुक्रवार. सकाळचे सव्वादहा. नाशकात द्वारका चौकाजवळच्या माझ्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं. काकांच्या मागे त्यांची मुलगी प्रज्ञा उभी होती. कडक इस्त्रीची साडी, हातात फाइल. बी.एड. होऊन तिला दोन वर्षं झाली होती. सायखेड्याकडच्या एका शाळेत गणिताच्या शिक्षिकेची एक जागा निघाली होती, तिथं तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं अर्ज केला होता. मैत्रिणीचा आत्ताच मेसेज आला होता, 'आज बाराला डेमो आहे, निघालीस ना?' डेमो म्हणजे संस्थेच्या लोकांसमोर वर्ग घेऊन दाखवायचा. मैत्रिणीला हेडमास्तरांचा फोन आला होता. प्रज्ञाला नाही.

"मग इथं काय करताय? निघा की," मी म्हणाले.

"बोलावणं नसताना?"

काका ओझरच्या विमान कारखान्यातून इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालेले. सही नसेल तर साधा बोल्टही पुढं जाऊ न देणारा माणूस. "यादीत नाव नसलं तर चारचौघांत परत पाठवतील हो तिला," ते हळूच म्हणाले. तेव्हा मात्र मला त्यांचं वाईट वाटलं.

"अर्जावर नंबर कुणाचा दिलाय?"

"बाबांचा," प्रज्ञा म्हणाली. आपल्याकडे मुलगी वर्गात शिकवायला निघाली तरी फॉर्मवर नंबर वडिलांचाच असतो.

मी फोन तपासला. रेंज फुल, आवाज फुल. माझ्या नंबरवरून कॉल केला, तर खणखणीत वाजला. मग टेस्टिंगसाठी ठेवलेल्या दुसऱ्या सिमवरून केला. अर्धी रिंग आणि कट. काकांच्या फोनवर काही उमटलंसुद्धा नाही. माझ्या लक्षात आलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. फोन बिघडला नव्हता. तो माझं ऐकत होता.

त्याचं असं झालं. काकांच्या कॉलनीतल्या हॉलमध्ये मी दर रविवारी नव्या स्मार्टफोनवाल्यांसाठी क्लास घेते. त्यासाठी मी एक पत्रक छापलं होतं, 'नवा फोन, बारा सेटिंग्ज'. अक्षरं मोठी कशी करायची. स्क्रीन लॉक असताना ओटीपी दिसू नये म्हणून काय करायचं. टॉर्चच्या ॲपला तुमचे फोटो बघायची परवानगी कशाला द्यायची. आणि नंबर सात, कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह नसलेले सगळे नंबर ब्लॉक करा, फसवणुकीचे कॉल येणारच नाहीत. पत्रकावर मी फार खूश होते. खाली दुकानाचं नावही ठळक टाकलं होतं.

क्लासमधल्या बाकीच्यांनी दोन सेटिंग्ज केल्या आणि चहा पिऊन घरी गेले. काकांनी बाराच्या बारा केल्या, प्रत्येकीपुढे टिक करून. सातवीनं अनोळखी कॉल अडवले. नववी होती नको ती नोटिफिकेशन्स बंद करण्याची, तिनं कॉल अडवल्याची खबरही अडवली. माझं पत्रक शब्दशः पाळणारा माणूस मला भेटेल असं मी धरलंच नव्हतं.

फोनच्या ॲपमध्ये वर तीन ठिपके असतात. त्यात ब्लॉक केलेल्या कॉलची यादी सापडते. उघडली, तर मंगळवारी एक आणि बुधवारी दोन कॉल, एकाच नंबरवरून.

"हेडमास्तरांचाच आहे हा," प्रज्ञा फाइल बघून म्हणाली.

काकांनी लगेच तो नंबर लावला. कट. प्रज्ञानं लावला. कट. मी दोन्ही सिमवरून लावला. अर्धी रिंग, कट.

"रागावलेत ते," काका म्हणाले. "आता नकोच म्हणतायत."

"काका, ही अर्धी रिंग मी ओळखते. बसा गाडीवर."

शटर ओढलं, प्रज्ञाला माझ्या स्कूटरवर घेतलं. काका त्यांच्या गाडीवर मागोमाग, काही झालं तरी चाळीसच्या वर नाही. शाळेत पोचलो तेव्हा बाराला पाच कमी होते. दारातच शिपाई म्हणाला, "लय उशीर केला ताई. समदे आत बसलेत."

हेडमास्तर व्हरांड्यात आले ते तापूनच. "तीन फोन केले मी. नोकरी पाहिजे तर फोन उचलाय नको का?"

"आम्हीपण चार केले, सर," मी म्हणाले.

"माझ्याकडं एकबी आला नाय."

मी त्यांचा फोन मागितला. तीन ठिपके, यादी. आमचे चार कॉल त्यात होते. शिवाय, हेडमास्तरांनीच नंबर ओळखून सांगितलं, इतर उमेदवारांचे दोन. आणि संस्थेच्या नव्यानं निवडून आलेल्या अध्यक्षांचे पाच. अध्यक्ष आत बसून हेडमास्तर आपल्याला किंमत देत नाहीत म्हणून धुसफुसत होते.

"ही सेटिंग कुणी केली, सर?"

"मीच केली. मेव्हण्यानं व्हॉट्सॲपला पाठवली होती. नाशकातल्या कुण्या ताईचं पत्रक हाय, लय भारी." त्यांनी फोटो उघडून दाखवला.

खाली माझ्या दुकानाचं नाव ठळक होतं.

"ती ताई मीच," मी म्हणाले. "चूक प्रज्ञाची नाही, माझी आहे. हिचा डेमो घ्या."

हेडमास्तरांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग प्रज्ञाला म्हणाले, "सगळ्यांचं झाल्यावर, शेवटी."

शेवटचा नंबर म्हणजे जेवणाच्या सुट्टीनंतरचा, पेंगुळलेला वर्ग. प्रज्ञानं सहावीला अपूर्णांक शिकवले. मी आणि काका खिडकीबाहेर उभे होतो. भाकरीचे तुकडे कुणी किती खाल्ले यावरून वर्गात भांडण जुंपलं आणि ते पोरांनीच फळ्यावर सोडवलं. काकांनी डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाले.

साडेतीनला हेडमास्तरांनी तिला आत बोलावून फॉर्म भरायला दिला. जागा तिला मिळाली होती. मैत्रिणीनं आधी मिठी मारली, मग रडून घेतलं.

मोबाइल नंबरच्या चौकटीत प्रज्ञानं स्वतःचा नंबर लिहिला. काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"माझ्या नंबराला काय झालं?"

"काही नाही बाबा," ती म्हणाली. "तुमचा सुरक्षित आहे."

पत्रकातली सातवी सेटिंग मी काढून टाकली. आता अनोळखी कॉल उचला, पण ओटीपी देऊ नका, एवढंच सांगते. त्याआधी वर्गाला विचारते, कुणाकुणाचा नंबर मुलीच्या अर्जावर आहे? निम्मे हात वर होतात. त्यांना सांगते, पुढच्या रविवारी मुलीला घेऊन या.