लायब्ररीत राहिलेला पत्ता

कोणी ओरडत आलं की ती उजवा तळहात वर करायची, रस्ता ओलांडताना आपण गाडी थांबवतो तसा, आणि तिच्या कन्नड वळणात म्हणायची, "स्वल्प थांबा. आधी नकाशा कधीचा ते बघू."

राजाजीनगरच्या आमच्या ऑफिसात ओरडत येणारा बहुतेक वेळा मीच असे. निपाणीहून येऊन, जुने कॉम्प्युटर विकत विकत मी ही कंपनी उभी केली. दुकानांची बिलं करणारं सॉफ्टवेअर विकतो. घासाघिशीत मला अजून कोणी हरवलेलं नाही. राग नाकाच्या शेंड्यावर असतो, तोही कमावलेलाच. ती अथणीची, वयानं माझ्याहून बरीच लहान. पण ऑफिसात सगळे तिला अक्का म्हणत. मीही.

नकाशाचं थोडं सांगायला हवं. आमची मुलं लिहितात तो कोड माणसाला वाचता येतो. दुकानात जातो तो मात्र दाबून एका लांबलचक ओळीत बसवलेला असतो. तिथे बिघाड झाला, तर मूळची कुठली ओळ बिघडली हे सांगायला सोबत नकाशाची एक फाइल ठेवतात. तिला सोर्स मॅप म्हणतात.

एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या बिलात सवलत दोनदा कापली जाऊ लागली. चूक शोधणारा डिबगर लावला, तर तो दर वेळी एका कोऱ्या ओळीवर जाऊन थांबे. मी टेबलावर हात आपटला. "कोरी ओळ पैसे कापते?"

"ओळ बिचारी निर्दोष आहे, अण्णा. नकाशा जुना आहे."

सवलतीचा हिशेब आम्ही वेगळ्या लायब्ररीत, म्हणजे कोडच्या स्वतंत्र गठ्ठ्यात, ठेवला होता आणि ती मुख्य कोडला जोडली होती. लायब्ररीतला कोड बदलला होता, नकाशा मागचाच राहिला होता. तिने सगळं पुन्हा बिल्ड केलं, म्हणजे कोड नव्याने दाबून त्याचा नकाशाही नवा काढला. डिबगर बरोबर ओळीवर थांबला आणि ती टाळी वाजवून ओरडली, "माझीच!" हरवलेली चप्पल सापडावी तसा आनंद. स्वतःची चूक सापडल्यावर इतकं खूश होणारं माणूस तुम्ही पाहिलंय? मी गिऱ्हाइकं पाहिली, भागीदार पाहिले, घरमालक पाहिले. नाही पाहिलं.

माणसांशीही ती तशीच. एका दुकानदाराने मला फोनवर चोर म्हटलं. त्याचा उद्धार करायला मी पुन्हा फोन लावत होतो, तोच तळहात आडवा आला. "अण्णा, तो ओरडतोय एका जागी, दुखतंय दुसऱ्याच जागी. विचारा तरी." विचारलं. त्याच्या शेजारी नवं मोठं दुकान उघडलं होतं. बोलता बोलता तो रडवेला झाला. आजही तो आमचं गिऱ्हाईक आहे.

मग एका दुपारी ती म्हणाली, "मी गावी जाते. आईला आता एकटीला ठेवता येत नाही."

"पगार वाढवतो."

"तो विषय नाही, अण्णा."

"घरून काम कर. अर्धाच दिवस कर."

"अर्धा दिवस आईकडे पाठ करून बसू?"

"मग तू सांग! काहीतरी भाव सांग की!"

ती नुसती हसली. माझा राग अजून गेलेला नाही. आयुष्यभर प्रत्येकाने माझ्याशी घासाघीस केली. जिच्यासाठी मी काहीही द्यायला तयार होतो, तिने तोंडातून आकडाच काढला नाही.

परवा नव्या मुलीने डिबगर लावला. सवलतीच्या लायब्ररीत शिरताच तो अडला: मूळ फाइल सापडत नाही. तो कुठे शोधत होता ते पडद्यावर आलं होतं. अक्काच्या लॅपटॉपवर, 'मने' नावाच्या फोल्डरमध्ये. मने म्हणजे कन्नडात घर. ती गेल्यापासून त्या लायब्ररीला हात लावायची वेळच आली नव्हती. सगळ्यांचे नकाशे तपासणारी ती, आणि तिच्या शेवटच्या नकाशात तिच्याच लॅपटॉपचा पत्ता राहून गेला होता.

"पत्ता बदलते, सर. दोन मिनिटांचं काम आहे."

माझा तळहात वर गेला. "स्वल्प थांब. सोमवारी बदल."

"सर, त्याशिवाय पुढे जाता येत नाही."

"मग उद्या."

"आज संध्याकाळी?"

"उद्या सकाळी," मी म्हणालो. "त्याच्या आत नाही."