जावईबापूंचा मायनर कॉर्ड

आमचे जावई चावीवाले आहेत. दुकानावर पाटी 'कुलूपतज्ज्ञ' अशी आहे, पण ती त्यांनी स्वतःच रंगवलीय, तेव्हा सोडून द्या. दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली एक फट. आत एक माणूस, एक घासायचं यंत्र आणि खिळ्यांवर लटकलेल्या कोऱ्या चाव्या एवढंच मावतं. कुठलंही कुलूप आपल्यापुढे हात जोडतं, असं ते मला गेली सतरा वर्षं सांगताहेत. मी लेकीकडेच राहते, त्यामुळे ऐकून घ्यावं लागतं.

तर या तज्ज्ञांनी काय पराक्रम केला, ऐका. माझी नात, वय वर्षं पंधरा, एका संध्याकाळी खोलीचं दार आतून लावून गिटार वाजवत बसली होती. जावयांनी जेवायला दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारायची तसदी कशाला घ्यायची? खिशातून दोन तारा काढल्या आणि अकरा सेकंदांत दार उघडलं. अकरा हा आकडा त्यांनीच नंतर कौतुकाने सांगितला. आत पोरगी स्वतः रचलेलं गाणं म्हणत होती. डोळ्यांत पाणी, पुढ्यात वही. आमच्या शहाण्यांनी ती वही उचलली, दोन ओळी मोठ्याने वाचल्या आणि म्हणाले, "अरे वा, चांगलं जमलंय की!"

पोरीने वही हिसकावून घेतली आणि त्या दिवसापासून बापाशी बोलणं बंद. साधं "मीठ दे" सुद्धा नाही. "आजी, बाबांना सांग, फीची पावती हवीय." म्हणजे मी मधल्या मध्ये पोस्टमन. गिटारही बंद. आधी जावई म्हणाले, "येईल ताळ्यावर." चौथ्या आठवड्यात ते भरल्या ताटावरून उठले, तेव्हा मी लेकीला म्हटलं, "हा माणूस घाबरलाय गं. पोर हातची गेली असं वाटतंय त्याला."

आता माफी मागावी की नाही? दोन शब्दांचं काम. पण छे, सरळ वागले तर ते आमचे जावई कसले! त्यांनी गिटार शिकायचं ठरवलं.

गुरूही आयता मिळाला. गिटार शिकवणारे एक मास्तर होते, दर पंधरा दिवसांनी घराची किल्ली हरवायचे. चाव्या फुकट, त्या बदल्यात ते रोज दुपारी दुकानाबाहेर स्टुलावर बसून शिकवणार, असं ठरलं. दुपारचा डबा मी पोचवते, म्हणून हा सोहळा मला फुकटात बघायला मिळाला.

पहिला आठवडा बोटांच्या नावाने कण्हण्यात गेला. दोष अर्थातच मास्तरांनी दिलेल्या जुन्या गिटारचा. तारा फार उंच आहेत, असं जावयांचं मत पडलं. तुम्ही-आम्ही मास्तरांना विचारलं असतं. यांनी कानस घेतली आणि ज्या पट्टीच्या खाचांमध्ये तारा बसतात ती पट्टीच चावीसारखी घासून टाकली. तारा आल्या खाली. इतक्या खाली, की गिटार माशीसारखी घोंघावायला लागली. मास्तरांनी कपाळावर हात मारला, नवी पट्टी बसवली आणि कानस जप्त केली.

मग मास्तर म्हणाले, बोटं नंतर, आधी डोकं. "कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन सूर. पहिला, तिसरा, पाचवा. सा, ग, प म्हणा हवं तर. गिटारच्या मानेवर ही घरं पाडलीयत ना? पहिल्या सुरापासून चार घरं पुढे गेलात की मधला सूर. तिथून तीन घरं पुढे शेवटचा. हा झाला मेजर, हसरा. आता मधला तेवढा एक घर मागे घ्या. आधी तीन, मग चार. हा मायनर, रडवेला."

जावयांचे डोळे लकाकले. "म्हणजे चावीच की हो! मधला दात केसभर जास्त घासला की दुसरंच दार!"

झालं! त्यानंतर जो कोणी चावी करायला येईल, तो घरं मोजून परत जाई. मला तर त्यांनी स्वयंपाकघरातल्या फरशांवर बोट ठेवून शिकवलं, चार आणि तीन, तीन आणि चार. ज्ञान उतू जात होतं. फक्त वाजवा म्हटलं की बोटं एकमेकांवर चढायची.

एक दिवस डबा उघडता उघडता मला म्हणाले, "आई, तिच्या वहीत ओळींवर कॉर्ड लिहिलेले होते. मला सगळे पाठ आहेत." चावी एकदा पाहिली की दात विसरत नाहीत, त्यातलीच ही गत. "तिचंच गाणं दाराबाहेर वाजवतो. खूश होईल."

माझं डोकंच फिरलं. "अहो जावईबापू, एकदा उघडलंत ते पुरलं नाही का? ती वही विसरा!"

डबा तसाच ठेवून ते यंत्राकडे वळले. हातातली चावी घासत राहिले, ती वाया गेली. मग म्हणाले, "मला स्वतःचे असे दोनच कॉर्ड येतात."

"मग दोनच वाजवा."

रविवारी दुपारी ते नातीच्या बंद दारासमोर मांडी घालून बसले. मी आणि लेक स्वयंपाकघरात, कान तिकडे. आधी मेजर वाजवला. बरा वाजला म्हणायचा. मग घसा खाकरून दाराचीच शिकवणी सुरू केली. "आता मधला सूर एक घर मागे घ्यायचा. झाला मायनर. ऐक." आणि छेडला तो जसाच्या तसा पहिलाच. पुन्हा छेडला. पुन्हा तोच. "हा मायनर," असं वर ठासून सांगितलं.

आतून आवाज आला, "तो मेजरच आहे. पहिलं बोट उचल, की सूर एक घर मागे."

लेकीने माझा दंड घट्ट धरला. जावयांनी बोट उचललं. आणि वाजला की हो, अगदी हवा तसा रडवेला!  मग ते उठले आणि त्यांनी दारावर टकटक केली. सतरा वर्षांत या माणसाने कुठलं दार वाजवल्याचं मला तरी आठवत नाही.

"चुकलो गं मी. आत येऊ?"

"नको."

 

"बरं," जावई म्हणाले, आणि तिथेच जमिनीवर परत बसले. मला रडूच फुटलं, खोटं कशाला सांगू.