मोठ्या सरांची चटई

भावना मॅडमबद्दल कोणी आडवंतिडवं बोललं, की माझं डोकंच फिरते. मी देवकाबाई. अल्लीपूरकडच्या आमच्या शाळेतली खिचडी माझ्या हातची.

मॅडम शेजारच्या गावच्या लहान शाळेतल्या. त्यांनी तिथं एक रीत बसवली. रोज एक तास पहिली-पाचवी विसरायची. ज्याले अक्षरं येत नाई तो अक्षरांच्या चटईवर, ज्याले वाचता येते तो गोष्टीच्या. वर्षभरात पोरं धडाधडा वाचू लागली! मग केंद्रप्रमुख साहेब म्हणाले, केंद्रातल्या साऱ्या शाळांत हे करू, पण आधी मोठ्या शाळेत जमवून दाखवा. मोठी शाळा म्हंजे आमची.

आमच्या मास्तर लोकांनी केलं बाप्पा! हुशार पोरं फळ्यासमोर, अन् अक्षरवाली व्हरांड्यात, चपलांपाशी, नव्या मास्तरच्या हवाली. पाचवीतली अंकिता तिथंच. लेकरू मान खाली घालून बसे. पाहून माझा जीव जळे.

तिचा बाप वासुदेवराव चार लोकं घेऊन तणतणत आला. "माझ्या पोरीले चपलांपाशी बसवता? बंद करा हे, नाई तं नाव काढतो तिचं!" हेडमास्तर प्रभाकरराव सर घामाघूम. आपल्या इथं हे जमत नाई, असं सांगाले त्यांनी साहेबांचा नंबर काढला.

तेवढ्यात मॅडम गाडीवरून उतरल्या. व्हरांडा पाहून त्यांचा चेहराच पडला.

"सर, चटया घेतल्या, पण मुख्य गोष्ट राहिली," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे अक्षरांची चटई वर्गाच्या मधोमध असते, अन् तिच्यावर हेडमास्तर बसतात. सगळ्यात जुना मास्तर त्याच पोरांले पाहिजे."

"माझे गुडघे दुखतात हो..."

"उठवाले मी येईन."

सारे हसले. वासुदेवराव नाई हसला. "दिवाळीपर्यंत पाह्यतो," म्हणे.

सर बसले खाली. मॅडमची शाळा सकाळची; ती सुटली, की त्या आमच्याकडे येत. एकदा चुलीपाशी बसून त्यांनी मले सांगितलं, "मावशी, पाचवीत मीबी दारापाशीच बसत होती. वाचता येत नव्हतं." मी त्यांच्या ताटात जास्तीची खिचडी वाढली. दुसरं काय करू?

दिवाळी जवळ आली, अन् वासुदेवराव पुन्हा लाल होऊन हजर.

"मॅडम, काऊन काढलं माझ्या पोरीले मोठ्या सरांच्या चटईवरून? काय चुकलं तिचं?"

"काही नाई चुकलं, भाऊ. तिले आता वाचता येते."

वासुदेवराव पायरीवर मटकन बसला. अंकिता पुस्तक घेऊन त्याच्यापाशी आली. एका जागी अडखळली, पण मागं वळून तिनं कोणाकडेच पाह्यलं नाई. पान संपलं.

"आणखी वाच, माय," तो म्हणाला.

आता केंद्रातल्या साऱ्या शाळांत हेडमास्तर चटईवर बसतात. अंकितानं वाचलं त्या दिवशीची खिचडी मात्र बुडाले लागली. करपली तं करपली, मी पायरीपासून हललीच नाई.