लक्ष्मीबाईच्या जागेतले पाच हात

समाजमंदिराच्या मागच्या भिंतीशी उद्धवराव मास्तर दोरी लावून माप घेताना दिसले, आणि वामनरावांच्या मनात पाल चुकचुकली.

हे ब्याण्णव सालचं. आदिलाबादेतल्या त्या गल्लीचं समाजमंदिर पाच-सहा माणसं आपखुशीनं सांभाळत. लग्न, बारसं, तेरवी, पोरींचा शिवणवर्ग, कोणाला कोणता दिवस द्यायचा ते हीच मंडळी ठरवीत, सतरंज्याही हीच झाडीत. उद्धवराव मास्तर त्यांच्यातलेच, आणि वामनराव सगळ्यांत थोरले. पूर्वी इथलेच पटवारी. चौऱ्याऐंशीत सरकारनं पटवारीपद मोडलं तेव्हा दप्तर गेलं, पण सवय गेली नाही. जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर कशी सरकते, हे गल्लीत त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

मास्तर पुन्हा दोनदा आले. एकदा शेजारच्या लक्ष्मीबाईशी कुंपणाजवळ बोलत होते. वामनराव दिसताच गप्प झाले. पिशवीतून कागदाची सुरळी डोकावत होती. झाडलोट करणाऱ्या डोमाजीला वामनरावांनी बाजूला घेतलं.

"मास्तर काऊन चकरा मारून राह्यले?"

"मले काय ठाऊक, मालक?"

डोमाजीनं खाली पाहिलं. झालं, हाही त्यांना सामील! दुसऱ्याच दिवशी वामनरावांनी दाराचं कुलूप बदललं आणि किल्ली करगोट्याला बांधली. शिवणवर्गाच्या पोरी तासभर उन्हात ताटकळल्या. बाया चिडल्या, तरी ते हलले नाहीत.

रविवारी मंडळी जमली तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "मास्तर, हे मंदिर कोणाले इकून राह्यले तुमी?"

"बाहेर चला, सांगतो."

"इथंच सांगा. चारचौघांत."

मास्तरांनी पिशवीतली सुरळी काढली. मग नकाशाची नक्कल सतरंजीवर पसरली. समाजमंदिराचं स्वयंपाकघर लक्ष्मीबाईच्या जागेत पाच हात आत शिरलेलं होतं. ती हद्द एकोणऐंशीत सरकली होती. खाली वामनरावांची सही होती.

"जागा कमी कशी भरते, म्हणून बाईनं मले इचारलं," मास्तर हळूच म्हणाले. "तुमचं नाव पुढं येऊ नये म्हणून मी एकटाच मोजून राह्यलो होतो."

वामनराव वाकून ती सही बघू लागले. त्यांना सगळं आठवलं. लक्ष्मीबाईचा नवरा तेव्हा नुकताच गेला होता. बांधकामाला जागा कमी पडत होती. गल्लीचं काम आहे, बाई कुठं कागद बघायला येते, असं म्हणून त्यांनी एक रेघ पलीकडे ओढली होती. तेरा वर्षं लोकांवर नजर ठेवताना ती रेघ त्यांना एकदाही टोचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लक्ष्मीबाईच्या दारात गेले. तिनं अर्धंच दार उघडलं.

"आता कोणता कागद आणला?"

"काहीच नाही आणलं. चूक झाली माझ्याकडून, हेच सांगायले आलो."

"चूक? तुमी तर चांगले शुद्धीत होते तवा."

वामनराव पायरीवरच उभे राहिले. मग तीच म्हणाली, "सैपाकघर पाडा नाही म्हणत मी. माझ्या नातीचं लगीन बी तिथंच होईल. पण जागा माझी आहे, हे लिहून पायजे. अन् लिहितील मास्तर. तुमी निस्ती सही करा."

मास्तरांनी लिहिलं. लक्ष्मीबाईनं ते नातीकडून वाचून घेतलं, मग कुसुमबाई शेजारणीकडून पुन्हा एकदा. दोघींचं वाचन जुळलं तेव्हा कुठं तिनं कागद वामनरावांपुढे सरकवला.

त्यानंतरही वामनराव समाजमंदिरात येत राहिले. मंडळी त्यांच्याशी पूर्वीसारखीच बोलत. लक्ष्मीबाई मात्र ते स्वयंपाकघराकडे वळले की हातातलं काम टाकून कुंपणाशी येई, आणि ते माघारी फिरेपर्यंत तिथून हलत नसे.