भानूला बातमी कळली तेव्हा

हेतल हसली आणि मला कळलं, आपली वाट लागली.

ती हसायची जागाच नव्हती. ती आमचा गेम खेळून बघत होती. स्क्रीनवर भानू नावाची कोळीण जेट्टीवर जाळं विणत बसली होती. हेतलने तिला नुकतंच सांगितलं होतं की तिचा नवरा जिवा समुद्रात बुडाला. ही बातमी घेऊन हेतल बराच वेळ होडी हाकत आली होती. भानूच्या हातातलं जाळं गळून पडलं. तिने पदर तोंडाला लावला. मी काचेपलीकडून बघत होते. हा सीन मी असंख्य वेळा पाहिलाय, तरी काचेजवळ सरकले. हेतल जायला निघाली आणि काय वाटलं कुणास ठाऊक, परत वळून भानूशी पुन्हा बोलायला गेली.

भानूने मान वर केली. "वारा चांगला सुटलाय. माझा जिवा भरतीबरोबर येईल बघ."

"अगं, आत्ताच सांगितलं ना तुला!" हेतल म्हणाली आणि खो खो हसली. मग तिने कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि चहा मिळेल का विचारलं. त्यानंतर ती खेळली, पण नुसती खेळायची म्हणून.

मी वैशाली सावंत. अंधेरीतल्या एका गेम स्टुडिओत क्यूए लीड आहे. म्हणजे गेम लोकांच्या हातात जाण्याआधी तो सगळ्या बाजूंनी मोडून बघणाऱ्या टीमची प्रमुख. मुलुंडला आमच्या सोसायटीत माझ्या सासूबाई सांगतात, "सून दिवसभर खेळते आणि पगार घेते." मी दुरुस्ती करत नाही. फार चुकीचं नाहीये ते.

आमच्या गेमचं नाव 'सातखाडी'. हा ओपन वर्ल्ड गेम आहे. साध्या गेममध्ये एकाच वाटेने पुढे जायचं असतं. ओपन वर्ल्डमध्ये अख्खा मुलूख तुमच्यापुढे पसरलेला असतो. डावीकडे जा, उजवीकडे जा, नाहीतर झाडाखाली झोपून राहा. त्यातून हा रोल-प्लेइंग, म्हणजे तुम्ही एक पात्र होता आणि त्याचे बरेवाईट निर्णय तुमचे असतात. आमच्या मुलुखात सात खाड्या, त्यांच्या काठांवरची गावं, पडके किल्ले आणि पाण्याखाली जागे झालेले गिऱ्हे. गिऱ्हा म्हणजे कोकणातलं पाण्यातलं भूत. आमच्याकडे लहानपणी त्याची भीती घालूनच आम्हाला विहिरीपासून लांब ठेवायचे. गेममधली माणसं मराठीत बोलतात, खाली इंग्रजी अक्षरं येतात.

या गेममधलं सगळ्यात झकास काय, तर होडी. ती विल्सनची करामत. विल्सन आमचा प्रोग्रामर, राहायला मनोरीला. मार्व्याच्या जेट्टीवरून फेरीने ये-जा करतो. सुरुवातीला दुसऱ्या कुणीतरी केलेली होडी त्याने चालवून बघितली आणि म्हणाला, "ही होडी नाय रे, पाण्यावरची रिक्षा आहे." सगळं पुसून त्याने नव्याने लिहिलं. आता शिडात वारा भरला की होडी कलते, ओहोटीला खाडीच्या तोंडाशी अडते, लाट आडवी आली की तुमचं पोट हलतं. प्लेटेस्टला, म्हणजे बाहेरची माणसं बोलावून त्यांना खेळायला लावतो तेव्हा, होडीत बसल्याबरोबर प्रत्येकाचा चेहरा उजळायचा. हेतल घाटकोपरची फिजिओथेरपिस्ट, सगळ्या प्रकारचे गेम खेळून बसलेली. तीसुद्धा पहिल्या वळणावर "अरे वा!" म्हणाली होती.

आणि वाईट काय? मारामारी बेताची. घोडा चढावर अडकायचा. पण खरी अडचण किनाऱ्यावर उतरल्यावर सुरू व्हायची. तिथे शेकडो माणसं होती. त्यांना एनपीसी म्हणतात, म्हणजे ज्यांना कोणी खेळाडू चालवत नाही, कॉम्प्युटर चालवतो अशी पात्रं. प्रत्येकाचं काहीतरी काम असायचं. मला खेकडे आणून दे. माझी हरवलेली शेळी शोध. पलीकडच्या गावाला हे गाठोडं दे. काम केलं की माणूस धन्यवाद म्हणायचा आणि पुन्हा पहिल्या वाक्यावर यायचा. तुम्ही गाव वाचवा नाहीतर जाळा, कोणाला काही पत्ताच नाही.

हेतल गेल्यावर मी आमच्या ट्रॅकरमध्ये बग नोंदवला. ट्रॅकर म्हणजे चुकांची सामाईक वही, ऑफिसात सगळ्यांना दिसते. "भानूला नवरा गेल्याचं कळत नाही." थोड्या वेळाने उत्तर आलं. "बग नाही. डिझाईन." म्हणजे मुद्दाम तसंच ठेवलंय. खाली केदारचं नाव.

केदार आमचा डायरेक्टर. गेमची मूळ कल्पना त्याची, गोष्टही त्याचीच. मी त्याच्या टेबलाशी गेले.

"केदार, हे डिझाईन कसं काय?"

"एनपीसी आहे ती, वैशाली. तिचं दुःख एका सीनपुरतं. सगळ्याच गेममध्ये असं असतं."

"खेळणारी हसली रे."

"एक हसली."

"सगळे हसतात. कोणी भानूला हसतं, कोणी शेळीवाल्याला."

त्याने खुर्ची फिरवली. "हे बघ, महिनाअखेरीला इंग्रिड येतेय. तिला मोठा मुलूख दाखवायचाय. आठवी खाडी, बर्फाचा डोंगर, उडता साप. तू बग शोध. डिझाईन माझ्यावर सोड."

इंग्रिड म्हणजे आमच्या परदेशी पब्लिशरची माणूस. गेम बाजारात आणायचा की इथेच थांबवायचा, हे ती ठरवणार होती. थांबवला तर स्टुडिओकडे दुसरं काम नव्हतं. सगळ्यांना हे माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

मी बग पुन्हा उघडला. केदारने बंद केला. मी परत उघडला. ऑफिसात लोक माझ्याकडे बघून हसायला लागले. माझ्या टीममधली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, सोडून द्या ना." पण टेस्टरने चूक दिसल्यावर सोडून दिली, तर त्याला ठेवायचं कशाला?

शेवटी मी एक केलं. प्लेटेस्टच्या वेळी आम्ही खेळणाऱ्यांचे चेहरे रेकॉर्ड करतो. मी सगळ्यांचे तुकडे जोडले आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये कोणाला न विचारता लावून दिले. आवाज बंद, फक्त चेहरे. होडीत बसलेले, डोळे मोठे, काही जण वळणाबरोबर अंगही कलवतायत. मग किनाऱ्यावर उतरलेले. एकेक करून भुवया खाली येतात, ओठ वाकडे होतात, एक जण सरळ मोबाईल काढतो. शेवटी हेतल हसताना.

केदारने उठून खोलीतला दिवा लावला.

"बरं," तो म्हणाला. "मग काय करायचं म्हणतेस? शेकडो माणसं आहेत. प्रत्येकाला आठवण द्यायची तर अख्खा गेम परत लिहावा लागेल. तेवढा वेळ आहे का?"

नव्हता.

जेवायला विल्सनसमोर बसले. डोक्यात तेच चालू होतं. सहज विचारलं, "विल्सन, तुमच्याकडे कोणी गेलं तर गावात कसं कळतं?"

"आता व्हॉट्सॲपवर."

"आधी?"

"आधी होडीवर. मार्व्याला कोणाला कळलं की तो फेरीबोटवाल्याला सांगणार, बोटवाला मनोरीच्या जेट्टीवर सांगणार. माझे आजोबा बोलायचे, माणूस घरी यायच्या आधी त्याची बातमी यायची."

तो बोलता बोलता थांबला. मीही थांबले. आमच्या गेममध्ये व्यापाऱ्यांच्या होड्या होत्या. मिठाच्या, सुक्या मासळीच्या, कौलांच्या. या गावातून त्या गावात सारख्या फिरायच्या, नुसत्या शोभेला.

"त्या होड्यांवर बातमी चढवता येईल?" मी विचारलं.

"होडी चालतेच आहे," विल्सन म्हणाला. "तिच्यावर एक चिठ्ठी लावायची, बस. होडी बंदराला लागली की चिठ्ठी गावाला. माणसाला आठवायची गरजच नाय. त्याच्या गावाला बातमी पोचली की नाय, एवढंच बघायचं."

डबे तसेच टाकून आम्ही केदारकडे गेलो. विल्सनने व्हाइटबोर्डवर खाड्या काढल्या, होड्यांच्या रेघा काढल्या. केदारने मध्येच त्याच्या हातातून पेन घेतलं आणि स्वतः रेघा ओढायला लागला. तेव्हाच मला कळलं, जमलं.

त्याने आठवी खाडी काढून टाकली. उडता साप गेला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खेकड्यांची, शेळ्यांची, गाठोड्यांची ढीगभर कामं त्याने स्वतः बसून पुसली. ती त्यानेच लिहिलेली होती. त्याच्या शेजारी मी बसले होते. उरलेल्या माणसांसाठी त्याने नवी वाक्यं लिहिली. बातमी कळण्याआधीची आणि कळल्यानंतरची.

मग आमच्या टीमचे हाल सुरू झाले. बातम्या वाटेल तिथे जायच्या. जिवंत माणसासमोर त्याच्याच मरणाची बातमी यायची आणि तो स्वतःच हळहळायचा. एकदा एका खेळाडूने चुकून बोकड मारला, तर सातही खाड्यांत शोककळा पसरली. किल्ल्यावरचा सरदार सांगत होता, "असा वीर पुन्हा होणे नाही." आम्ही पोट धरून हसलो आणि बग नोंदवला. हे हसणं वेगळं होतं.

इंग्रिड आली ती थेट स्क्रीनसमोर बसली. उंच, शांत बाई. प्रेझेंटेशन नको म्हणाली. "मला खेळू द्या. कोणी काही सांगू नका." तिने बाईचं पात्र निवडलं आणि होडीत बसली. केदार, विल्सन आणि मी मागे उभे.

होडी तिला आवडली. नको तेवढी आवडली. एका बेटावर जिवाची फुटलेली होडी तिला सापडली. जवळच्या बंदरातल्या मीठवाल्याने विचारलं, "काय पाहिलंस तिकडे?" तेव्हा तिने त्याला सांगूनही टाकलं. तिथून सरळ भानूकडे जायचं. पण इंग्रिड निघाली भलतीकडेच. लांब एक दीपगृह दिसलं, तिकडे गेली. गिऱ्ह्यांशी लढली. मग उगाच वाऱ्याबरोबर फेऱ्या मारत राहिली. केदार माझ्याकडे बघायला लागला. मी खांदे उडवले. खेळणाऱ्याला ढकलता येत नाही.

शेवटी ती भानूच्या गावाला लागली. जेट्टी रिकामी.

भानू नव्हती. अर्धवट विणलेलं जाळं तसंच पडलेलं. केदार माझ्या कानाशी म्हणाला, "कुठेय ती?" मला माहीत नव्हतं. आम्ही टेस्ट करताना बेटावरून थेट भानूकडे यायचो, इतक्या उशिरा इथे कोणी आलंच नव्हतं. मला वाटलं, गेम फुटला. नेमका आज.

इंग्रिड गावात शिरली. एका दारापुढे बायका जमल्या होत्या. उंबऱ्यावर भानू बसली होती. इंग्रिड जवळ गेली.

भानूने मान वर केली नाही. "मीठवाली होडी कधीच आली. कळलं मला." मग थोडं थांबून, "तू कुठे होतीस गं इतका वेळ?"

इंग्रिडचे हात थांबले. कंट्रोलर मांडीवर आला. मी विल्सनकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले होते. तो बग नव्हता. मीठवाल्याने बातमी उचलली, होडी तिच्या वेळेला निघाली, गावाला पोचली, भानूला कळलं, ती घरी गेली. ते वाक्य केदारने उशिरा येणाऱ्यासाठी लिहून ठेवलं होतं, पण गेममध्ये ते त्यानेही कधी ऐकलं नव्हतं. कोणी ठरवून घडवलेलं नव्हतं काही. आमचा मुलूख पहिल्यांदाच आम्हाला न विचारता वागला होता.

"मी दीपगृहावर गेले नसते तर?" इंग्रिडने मागे न बघता विचारलं.

"तर तुम्ही आधी पोचला असता," केदार म्हणाला.

ती पुन्हा भानूकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मारामारी सुमार आहे. घोडा तर विनोदी आहे. ते जमेल तेवढं बघा. हे मात्र प्रत्येक गावात हवं. नवीन मुलूख वगैरे काही नको."

'सातखाडी' बाजारात आला. परीक्षणं आली. मारामारी रटाळ, असं जवळजवळ प्रत्येकाने लिहिलं. घोड्याचे व्हिडिओ लोकांनी हसण्यासाठी फिरवले. चेहरे मख्ख आहेत म्हणाले. सगळं खरं. त्यातली एकही तक्रार आमच्या टीमला नवीन नव्हती. पण समुद्राबद्दल आणि बातम्यांबद्दल लोकांनी जे लिहिलं, ते मी एकटी असताना अजून वाचते. एका खेळाडूने लिहिलं, की मीठवाल्याला न सांगता, वादळात शीड फाटेपर्यंत होडी हाकून तो भानूकडे गेला, कारण तिला परक्याकडून कळू नये असं त्याला वाटलं. असं कर, म्हणून त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

गेमच्या शेवटी नावं येतात, त्यात 'डिझाईन'खाली तीन नावं आहेत. केदार, विल्सन आणि मी. क्यूएचं नाव तिथे सहसा नसतं. केदारने मला न सांगता घातलं. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "बग समज आणि बंद कर."

मी तो बंद केला नाही, नाव तसंच राहू दिलं.

आता नवीन पोरं टीममध्ये येतात आणि विचारतात, गेममधला दोष कसा काढायचा. मी सांगते, आधी गेममध्ये चांगलं काय आहे ते बघा, औषध बहुतेक वेळा तिथेच असतं. नसलं तर निदान शोधताना बरं वाटतं.